मावशीचं चुंबक आणि भंगारात गेलेला डबा

गेल्या रविवारी ठाण्यात उथळसरला मावशीकडे गेलो. ओट्यावर नवाकोरा टोप, त्यात चहाचं आधण, आणि खाली इंडक्शनची शेगडी टूं टूं करत बसलेली. "बघ रे जरा, शेगडी बिघडली वाटतं." शेगडी ठणठणीत होती. बिघाड मावशीच्या मोबाइलमध्ये होता.

भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला. सगळा इथे देत नाही, सार असं: घरातल्या प्रत्येक स्टीलच्या भांड्याला चुंबक लावा, चिकटलं तर भांडं नकली आणि विषारी, आजच्या आज काढून टाका. 202 स्टीलमधलं (202, 304, 316 हे स्टेनलेसच्या प्रतींचे, म्हणजे ग्रेडचे क्रमांक) मँगनीज मेंदूत जाऊन कंपवात होतो. नवं भांडं पुसल्यावर फडक्याला जे काळं लागतं ते शिसं. जड भांडं म्हणजे 304. स्टीलमध्ये आंबट कधीच शिजवू नये. आणि खरं सुरक्षित फक्त '316 सर्जिकल स्टील', ज्याच्या सेटसाठी खाली मोबाइल नंबर. मी मेसेज तळातून वर वाचतो, त्यामुळे मला पुढचं वाचायची गरजच पडली नसती. मावशी वरून खाली वाचते.

तिने फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढलं आणि मांडणीवरच्या भांड्यांना लावत सुटली. जे चिकटलं ते पोत्यात. इंडक्शनसाठी घेतलेला जाड बुडाचा टोप गेला, निम्मे चमचे गेले, आणि तिच्या रुखवतातला कडीचा डबा गेला. त्यावर टिंबाटिंबांनी तिचं माहेरचं नाव घातलेलं, खाली तारीख 12-5-87. किलोच्या भावाने काट्यावर. मग जांभळी नाक्यावर जाऊन चुंबक न चिकटणारा टोप विकत आणला, जो इंडक्शनवर चालणारच नव्हता. इंडक्शनला चुंबक चिकटणारं बूडच लागतं.

मी वागळे इस्टेटमध्ये पत्रा दाबून भांडी काढणाऱ्या प्रेसवर काम करतो. स्टेनलेसचा पत्रा रोज हाताखालून जातो. त्यामुळे हा चुंबकाचा मुद्दा मी जरा जास्तच मनावर घेणार आहे.

स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळे. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पत्र्यावर ऑक्साइडचा एक डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बसतो, घासला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. अन्नाला सांभाळतो तो हा पापुद्रा. चुंबकाचा त्याच्याशी संबंध नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे धातूची आतली रचना बदलते, म्हणून सपाट पत्र्याला चुंबक चिकटत नाही. 430 मध्ये क्रोमियम जवळपास तेवढंच, 16 ते 18 टक्के, निकेल मात्र नावापुरतं. त्याला चुंबक चटकन चिकटतं. चमचे, ताटल्या, इंडक्शनची बुडं बऱ्याचदा याचीच असतात. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये जे गंजरोधक स्टील ओतलं आणि ज्याच्या पुढे जेवणाच्या सुऱ्या झाल्या, त्यात 13 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम होतं आणि त्यालाही चुंबक चिकटायचं. आजही घरातल्या सुरीला लावून बघा. मेसेज लिहिणाऱ्याने आपली सुरी फेकली असेल का, मला शंका आहे.

आता कळस ऐका. ज्या 202 ची या मेसेजमध्ये एवढी भीती घातली आहे, त्यालाही चुंबक चिकटत नाही! निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याच्या कामाला मँगनीज वाढवलेला हा पत्रा. बाजारात ज्याला जे-फोर म्हणतात तो याच घराण्यातला, निकेल जेमतेम टक्काभर. चुंबकाच्या परीक्षेत तो 304 इतक्याच गुणांनी पास होतो. म्हणजे दारावर असा पहारेकरी बसवलाय जो चोराला सलाम ठोकून आत सोडतो आणि घरच्यांना हाकलतो.

घरच्यांना हाकलतो, कारण अस्सल 304 लाही चुंबक थोडं चिकटतं. कुठे, ते सोमवारी कामावर पुन्हा एकदा मुद्दाम पाहिलं. 304 चं सपाट सर्कल, म्हणजे गोल कापलेला पत्रा, घेतलं, चुंबक घसरून खाली पडलं. तेच सर्कल प्रेसमध्ये ओढून डबा झाला, तेव्हा बुडाच्या मधोमध चुंबक अजूनही पडत होतं, पण बुडाच्या गोलाईवर आणि काठाशी हलकं धरत होतं. थंड पत्रा ओढला, वाकवला की त्या जागची रचना बदलते. पत्रा तोच, क्रोमियम तेवढंच, निकेल तेवढंच. मावशीच्या रुखवताच्या डब्याचा गुन्हा एवढाच की तो खोल होता.

मग ही चुंबकाची भानगड आली कुठून? भंगारातून. भंगारवाला दोरीला बांधलेलं चुंबक फिरवतो, कारण घट्ट चिकटलं म्हणजे निकेल नाही, निकेल नाही म्हणजे भाव कमी. भाव ठरवायची युक्ती कुणीतरी उचलून आरोग्याची केली. एक मान्य करतो: दुकानदाराने 304 म्हणून 304 च्या भावात ताट दिलं आणि चुंबक त्याला सगळीकडे ठाम बसलं, तर तुम्ही फसलात. पण फसला तो खिसा.

बाकीचे मुद्दे उरकतो.

मँगनीजने कंपवातासारखा आजार होतो हे खरं आहे, मँगनीजच्या खाणीत धूळ किंवा वेल्डिंगचा धूर वर्षानुवर्षं छातीत घेणाऱ्यांना. आमच्याकडे वेल्डिंगच्या टेबलावर धूर ओढणारं नळकांडं त्यासाठीच असतं. भात, चहा, शेंगदाणे यांत मँगनीज असतंच आणि शरीराला ते थोडं लागतंही. कमी निकेलच्या भांड्यांच्या पत्र्यासाठी आपल्याकडे आयएस 15997 हे वेगळं मानक आहे, ते काही चोरून लिहिलेलं नाही. या पत्र्याचं खरं दुखणं वेगळं: मीठ-आंबटाला तो लवकर हार मानतो, टोचे, म्हणजे बारीक खड्डे पडतात. तेव्हा आमटीच्या टोपाला 304 घ्या, पाणी प्यायच्या पेल्यावरून झोप उडवू नका. (टोचे टाळायचे तर मीठ गार पाण्यात टाकून बुडाशी बसू देऊ नये, उकळी आल्यावर घालावं. हे आमच्या आईला कुठल्याही फॉरवर्डशिवाय माहीत होतं.)

काळं म्हणजे शिसं नव्हे. ते बफिंगचं, म्हणजे भांडं चकाकवायचं मेण आणि धातूची बारीक भुकटी. थोडं तेल लावून फडक्याने पुसा, मग गरम पाणी आणि साबण. एवढ्यावर जातं. भाईंदरच्या गाळ्यांत बफ मारणाऱ्या पोरांचे चेहरे संध्याकाळी बघितलेत तर काळं कुठून येतं हे विचारावं लागणार नाही.

जड म्हणजे 304 हा तर विनोद. जड म्हणजे जाड पत्रा. जे-फोरसुद्धा हवा तेवढा जाड मिळतो.

आंबटाच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये टोमॅटोचा सॉस स्टीलमध्ये तासन् तास शिजवून तपासला. 6 तासांनंतर काही ग्रेडच्या पत्र्यांत शिजलेल्या सॉसमध्ये निकेल 26 पटींपर्यंत वाढलं. मेसेजवाले एवढंच सांगून थांबतात. पुढचं वाचा: सगळ्यांत जास्त धातू नव्या भांड्यातून उतरला, दर वेळी कमी होत गेला आणि सहाव्या वेळेनंतर स्थिरावला. दहाव्या वेळी 126 ग्रॅम सॉसमागे सरासरी 88 मायक्रोग्रॅम निकेल मिळालं. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा अमेरिकेत धरतात. आपली चिंचेची आमटी 6 तास रटरटत नाही. ज्यांना खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात, त्यांना निकेलची ॲलर्जी असू शकते आणि त्यांना यापेक्षा कमीही त्रास देऊ शकतं, त्यांनी आंबट दुसऱ्या भांड्यात करावं. लोणचं बरणीतच ठेवावं, सगळ्यांनी. पण या अभ्यासाचा मावशीपुरता अर्थ काय? वापरून मुरलेली भांडी तिने काढली आणि ज्यातून जास्त उतरतं तो नवा टोप आणला.

316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्याला ते चांगलं टिकतं. बोट बांधायची असेल तर जरूर घ्या.

नवं घ्यायचंच असेल तर बुडाला ठोकलेल्या '304' वर विसंबू नका, तो आकडा ठोकायचा पंच कुणालाही मिळतो, आमच्या टूलरूममध्येही पडलाय. आयएसआयची खूण बघा. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस 14756, आणि ते सक्तीचं करणारा केंद्राचा आदेश 14 मार्च 2024 चा. खुणेखाली सीएम/एल म्हणून परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की कारखान्याचं नाव येतं. नाही आलं, तर टोप खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. पावतीवर ग्रेड लिहून मागा, नुसतं मागितलं तरी बऱ्याच दुकानदारांची भाषा बदलते.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अरे पण डॉक्टरांनी पाठवलंय म्हणून लिहिलं होतं." मग मी भंगारवाल्याकडे गेलो. जाड बुडाचा टोप आणि चमचे पुढे गेले होते. डबा होता, पण लोखंडी ढिगात नव्हता. त्याने तो बाजूच्या पोत्यात, चांगल्या स्टीलमध्ये ठेवला होता. मावशीने स्वतःच "चिकटतं हो हे" म्हणून लोखंडाच्या भावात दिलेला डबा. मी विचारल्यावर त्याने दोरीचं चुंबक काढून डब्याच्या बुडाला लावून दाखवलं, मधोमध सुटलं, गोलाईवर अडकलं. हे 304 आहे, कोपऱ्याला पकडणारच, असं तो मलाच समजावत होता. आणि 304 च्याच भावाने त्याने तो मला परत विकला.