खुलासा: अंड्याला पाणी मिठामुळे सुटत नाही

‘अंडी फेटताना मीठ घालू नका, पाणी सुटतं आणि अंडी चिवट होतात’ असा सल्ला सध्या बराच फिरतोय. तो चुकीचा आहे. पाणी सुटतं ते अंडी जास्त शिजल्यामुळे. फेटलेलं अंडं साधारण 73 अंश सेल्सिअसला आळतं. त्यापुढे तापत राहिलं की प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. मीठ उलट या जाळीला फार घट्ट होऊ देत नाही. म्हणून चार अंड्यांत पाव छोटा चमचा मीठ फेटून 15 मिनिटं ठेवाच. मिश्रण पातळ आणि जरा गडद दिसेल. ते बिघडलेलं नसतं.

मंद आचेवर लोणी फेसाळलं, की लाल व्हायच्या आत अंडी ओता आणि उलथन्याने तळ खरवडत राहा. गुठळ्या मऊ आहेत, वर अजून ओलसर चकाकी आहे, तेव्हाच गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा. गरम पॅनमध्ये ठेवलीत तर शिजतच राहतात, आणि बहुतेकांचं बिघडतं ते इथेच.

भुर्जीत पाणी दिसलं तर आधी टोमॅटो तपासा: तेल सुटेपर्यंत परतला होता का? गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर माणसांसाठी मात्र अंडी पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा.