वीस रुपयांचा व्हॉल्व्ह

स्कूटरच्या पुढच्या चाकातली हवा रोज रात्री गुपचूप पसार व्हायची. शेवटी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या बुडाशी टेकवली, तर इवलासा बुडबुडा फुगला आणि फुटला. रबर तडकलं होतं.

“दीडशे होतील,” पंक्चरवाला म्हणाला. ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह मला दुकानात वीस रुपयांना मिळाला. मग वरचे एकशे तीस कशाचे? शाळेत असताना सायकलच्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी, म्हणजे वॉलट्यूब, मी डोळे मिटून बदलायचो. इथे तर ट्यूबच नाही, म्हणजे काम निम्मंच!

मेन स्टँडवर लावली तरी स्कूटरचं पुढचं चाक जमिनीलाच टेकतं. म्हणून बायकोला मागच्या सीटवर बसवलं. पुढची बाजू उचलली गेली.

“अहो, रविवारी फिरायला नेलंत ते हे असं?”

नट निघाला, चाक निघालं, काम झालं समजून ती उतरली आणि स्कूटर नाकावर आपटली. ‘उतरू नकोस’ म्हणायचं राहूनच गेलं होतं.

टायरची कड, म्हणजे बीड, रिमला किती घट्ट धरून बसते ते त्या दिवशी कळलं. टायरवर उभा राहिलो, उड्या मारल्या, शिव्याही देऊन झाल्या. अखेर शेजारच्या काकांनी आपली मोटरसायकल आणली आणि तिचा साइड स्टँड नेमका टायरच्या कडेवर टेकवून गाडी कलती केली. कड मुकाट सुटली. एका बाजूची कड सुटली तरी भागतं, पण मला जोर चढला होता. मी अख्खा टायरच उतरवला.

जुना व्हॉल्व्ह ब्लेडने कापला. नव्याला साबण चोपडून आतून भोकात घातला, पकडीने मान धरली आणि ओढत राहिलो. टप्प! बाळाचा पहिला दात दिसल्यावर झाला नसेल इतका आनंद झाला.

टायर चढवला. मग पायपंप. कड रिमला टेकत नाही तोवर हवा धरून ठेवायला आत कुणीच नसतं. मी आत भरत होतो, ती चहूबाजूंनी बाहेर. टायरला कपड्यांची दोरी आवळूनही पाहिली. शेवटी चाक मांडीवर घेऊन काकांच्या मागे बसलो.

पंक्चरवाल्याने कॉम्प्रेसर लावला. फाट! फाट! दोन्ही कडा बसल्या.

“व्हॉल्व्ह झकास बसवलाय साहेब.” मी काकांकडे पाहिलं.

“पण फिरायची दिशा दाखवणारा टायरवरचा हा बाण उलटा झालाय,” पंक्चरवाला म्हणाला.

“मग आता?”

“काढून फिरवून बसवावा लागेल. दीडशे.”