हात वर करून उभा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, मॅडिसन कॅम्पग्राउंडवर एका सकाळी मी दोन्ही हात डोक्यावर घेऊन, हातात 10 फुटी नळी धरून अर्धा तास उभा होतो. येणारे-जाणारे ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होते. मीही म्हणत होतो. हात तेवढा हलवता येत नव्हता.

त्याचं असं झालं. अख्ख्या यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि ड्रेनेज थेट ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराला, जोडून मिळतं ते एकाच ठिकाणी, फिशिंग ब्रिजला. तिथलं बुकिंग म्हणजे गणपतीतलं कोकणकन्येचं तिकीट. म्हणून आम्ही मॅडिसनला. इथं जे काही होईल ते ट्रेलरच्या पोटात साठतं. भांड्या-आंघोळीचं पाणी ग्रे टँकमध्ये, आणि बाकीचं ब्लॅक टँकमध्ये. आमचा ब्लॅक टँक 30 गॅलनचा, म्हणजे सुमारे 113 लिटर. “पाच दिवस आरामात जातील,” ट्रेलर भाड्याने देणारा म्हणाला होता.

त्याने हिशेब कागदाचा केला होता. आमच्याबरोबर आई होती आणि आईबरोबर सांगलीहून आलेला तांब्या. सार्वजनिक स्वच्छतागृह चार पावलांवर, पण उद्यानात शिरताना मिळालेल्या पत्रकावरचं अस्वल आईने पाहिलं होतं. “रात्रीची मी नाही बाई जायची.” आईची रात्र संध्याकाळी सहाला सुरू होते. तिसऱ्या दिवशी कमोडचं पेडल दाबलं की खालून गुडगुड ऐकू यायला लागली. भिंतीवरचे दिवे पहिल्या दिवसापासून टाकी ‘दोन तृतीयांश’ भरल्याचं सांगत होते. सेन्सरला कागद चिकटला की तो आधीच्या कुटुंबाचाच इतिहास सांगत बसतो.

या टाक्या रिकाम्या करायची जागा, म्हणजे डम्प स्टेशन, कॅम्पग्राउंडमध्येच आहे. पण तिथवर ट्रेलर न्यायचा तर मांडलेला सगळा संसार आवरा, छत्री मिटवा, पाय वर घ्या, गाडीला जोडा. त्यापेक्षा सामानात आलेली निळी, चाकांची टाकी बरी असं मीच ठरवलं. ती 15 गॅलनची. भरायची, गाडीमागे अडकवायची आणि ताशी 5 मैलांनी ओढत न्यायची. भरल्यावर नुसत्या आतल्या पाण्याचं वजन 57 किलोच्या आसपास. दोन खेपांत काम फत्ते.

ट्रेलरपासून निळ्या टाकीपर्यंत नळी जोडली आणि दांडा ओढून व्हॉल्व्ह उघडला. पाणी कमी वापरलं तर टाकीत डोंगर साचतो आणि मग काही केल्या हलत नाही, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे डोंगर नव्हता, धबधबा होता. तांब्याची कृपा! निळी टाकी बघता बघता काठोकाठ आली आणि मी दांडा आत ढकलला. अगदी वेळेत. स्वतःची पाठ थोपटणार, तोच लक्षात आलं की 3 इंची नळी अजून भरलेलीच आहे. 10 फुटांत जवळजवळ 14 लिटर. आणि निळ्या टाकीत चमचाभरही जागा नाही.

मी नळीचं तोंड उचललं. त्याला लावायचं टोपण भाड्याच्या सामानात नव्हतंच.

“तू आता हलू नकोस,” बायको म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच मी ते तंतोतंत पाळलं. ती टाकी ओढत निघून गेली. ताशी 5 मैल म्हणजे नेमके किती हळू, हे नळी धरल्याशिवाय कळत नाही.

शेजारच्या ट्रेलरसमोर एक निवृत्त गृहस्थ खुर्ची टाकून कॉफी पीत होते. “नळीपुरती जागा सोडायची असते,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, दुसरा कप भरून घेतल्यावर, “नळी अशीच उंच धरून व्हॉल्व्ह उघड, सगळं परत टाकीत जाईल.” खरंच की! पाणी आपली पातळी शोधतं, हे शाळेत शिकलो होतो. पण दांडा गुडघ्याखाली आणि माझे हात डोक्यावर. त्यांची मदत खुर्चीतूनच चालू होती.

इथून 16 मैलांवर ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उसळतो आणि माणसं टाळ्या वाजवतात. माझ्या हातातल्या कारंज्याची वेळ कुठल्याच पाटीवर लिहिलेली नव्हती. खांदे भरून आले होते.

तेवढ्यात खिडकी सरकली. “काय रे, झालं का तुझं? मी जाऊन येते.”

“आई, जरा थांब—”

आतून तांब्याचा आवाज आला, मग पेडलचा. व्हॉल्व्ह बंद होता, काही होणार नव्हतं. तरी मी डोळे मिटून घेतले.