आबांचं तोंड बाहेर ठेवा!

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत लेकीला ए ग्रेड मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढं रंगांचा खर्च वाढेल एवढं ठाऊक होतं. घराचं गोडाऊन होईल, हे कुणी बोललं नव्हतं.

कॉलेजला पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक चित्रांचा संच पाठवायचा, तोही ओरिजिनल. महिना जुलै, गाव कोल्हापूर. जिथं डब्यातला पापड मऊ पडतो, तिथं फुल इम्पिरियल, म्हणजे 22 बाय 30 इंचांचे कागद कोरडे ठेवायचे!

चारकोलनं, म्हणजे चित्राच्या कोळशानं, तर छळलं. तो जाईल येईल त्याच्या बाहीला लागतो. त्याला बसवायला फिक्सेटिव्ह मारायचं, तेही मोकळ्या हवेत. बाहेर धो धो पाऊस, म्हणून जिन्यात मारलं. शेजारच्या काकूंनी वास घेतला आणि आधी स्वतःचा सिलिंडर बंद केला, मग आमचा. "त्यापेक्षा हेअरस्प्रे मारा की," आमची बहीण म्हणाली. "त्यानं कागद पिवळा पडतो, आत्या," लेकीनं तिथंच विषय संपवला.

मग प्रत्येक चित्रावर बटर पेपर. चिकटपट्टी चित्राला लावायची नाही; पुठ्ठ्यावर कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यांत कोपरे सरकवायचे. माझ्याकडं काम एकच. "बाबा, नुसतं कडेला धरा. मध्ये हात नको, तुम्हाला घाम येतो." बँकेत लॉकरच्या चाव्या सांभाळणारा माणूस मी!

राहिलं आबांचं ऑइल पोर्ट्रेट. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. वरून कोरडं, आतून ओलं. त्यावर थेट बबल रॅप लावला, तर आबांना देवीचे व्रण उठायचे. "वाळलंय की!" म्हणत आबांनी स्वतःच्याच गालावर अंगठा टेकवला. ठसा उमटला.

कॅनव्हास फ्रेमवरून सोडवून जाड ड्रेनेज पाइपवर गुंडाळायचं ठरलं.

"आबांचं तोंड बाहेर ठेवा," लेक ओरडली. "आत गेलं तर रंग दाबला जाऊन सुरकुत्या पडतील."

"त्या आहेतच की," आबा म्हणाले.

कुरिअरचा पोरगा स्कूटरवर आला. चित्रांच्या पुठ्ठ्याकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला, मग पाइप उचलून बघितला.

"प्लंबिंगचं सामान काय?"

"आमचे वडील आहेत," मी म्हणालो.

तो दोन पावलं मागं सरला. "उभं न्यायचं का आडवं?"

"आडवंच ने बाबा," आतून आबा म्हणाले, "उभं राहून गुडघे दुखतात."