टोपी वाचवू की तोंड?

खानदेशात लग्नं मे महिन्यात, मुहूर्त दुपारचा आणि 'घरच्यांचा ग्रुप फोटो' ऐन बाराला. यावलकडच्या एका लग्नात ठरवलेला फोटोग्राफर नेमका पंगतीत बसला होता, म्हणून नानांनी मला पुढे ढकललं. "आपल्या पोराकडे भारी कॅमेरा आहे!"

समोर तीन रांगा. पांढऱ्या टोप्या, पांढरे नेहरू शर्ट आणि मधोमध काळ्या सुटात निथळणारा नवरदेव. कॅमेरा कितीही भारी असला तरी त्याची समजूत एकच: जग सरासरी राखाडी असतं. एवढं पांढरं दिसताच त्याने उजेड कापला. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी उपरण्याखाली स्क्रीन बघितली. (उन्हात दुसरा उपाय नाही.) "मनं तोंड कोठे शे?"

एक्सपोजर दीड स्टॉप वाढवलं, म्हणजे उजेड जवळपास तिप्पट. तोंडं उजळली. आजोबा पुन्हा उपरण्यात. "मनी टोपी कोठे शे?"

टोपी उडाली होती, आणि डिजिटलमध्ये जळून पांढरं झालेलं नंतर काही केल्या परत येत नाही.

मग कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सोडून जुना ठोकताळा धरला. कडक उन्हात भिंगाचं छिद्र एफ १६, संवेदनशीलता आयएसओ १००, शटर एक शतांश सेकंद. भुसावळचा पारा ४५च्या वर गेला तरी हिशेब तोच. कॅमेऱ्याला उजेड कळतो, उकाडा नाही. टोपी आली, तोंड आलं, डोळे मात्र गेले. ऊन डोक्यावर, भुवयांची सावली डोळ्यांवर; जे उरले ते मिटलेले.

सावल्या भरायला फ्लॅश उघडला, तर मांडवभर हशा. "भरदुपारी लाइट लावतो हा!" हसणारे चुकीच्या कारणाने बरोबर होते. एफ १६ला कॅमेऱ्यावरचा तो चिमुकला फ्लॅश दोन हातांपलीकडे पोचत नाही.

"सावलीत चला," म्हणालो. "सावलीत फोटो काळा येतो," जिभाऊंनी निकाल दिला. या माणसाने आयुष्यात फोटो काढलेला नाही, पण फोटोबद्दल त्यांचं मत फिरवणं कोणाला जमलेलं नाही.

शेवटी मीच ओरडलो, "मठ्ठा निंबाखाली ठेवलाय!"

अर्ध्या मिनिटात तिन्ही रांगा निंबाच्या सावलीत. तोंडं सारखी उजळ, डोळे टक्क उघडे, मठ्ठा शोधणारे. तोंडांवर एक्सपोजर धरून भराभर क्लिक केलं. मागे उन्हात उभी असलेली डीजेची गाडी पार पांढरी होऊन नाहीशी झाली. त्याबद्दल अजून एकाचीही तक्रार आलेली नाही.