तेल कमी करा, म्हणे

बेळगावात तेलावरून माणसाचं गाव ओळखता येतं. खानापूर ओलांडून गोव्याकडे सोयरीक असलेले लोक खोबरेलाशिवाय माशाला हात लावत नाहीत. निपाणी-चिकोडीकडचे शेंगतेलवाले. विजापूरकडून बदली होऊन आलेला माणूस करडईच्या तेलाचं नाव काढलं की हळवा होतो. आणि टिळकवाडीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांच्या ओट्यावर ऑलिव्ह ऑईलची बाटली असते, पाहुण्यांना दिसेल अशी.

या सगळ्यांना मी एकाच आठवड्यात भेटलो, कारण डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या कागदावर पेन टेकवून सांगितलं, "लिव्हरवर चरबी आहे. वजन उतरवा. तेल-तूप बघून खा." बघूनच खातो की! डोळे मिटून मिरची भजी कोण खातंय?

रविवार पेठेत दुकानदाराला विचारलं, तब्येतीला चांगलं तेल कुठलं? त्यानं आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग सर्वांत महाग पिशवी काढली. वर लाल हृदय, त्याच्या बाजूला 'कोलेस्टेरॉल-मुक्त'. आता कोलेस्टेरॉल हे प्राण्यांकडून येतं: दूध, तूप, अंडी, मटण. सूर्यफुलात ते नव्हतंच, तर मुक्त कशातून केलं? त्या हिशेबानं आमचा नळही कोलेस्टेरॉल-मुक्त. तोही रोज येत नाही, ही गोष्ट वेगळी.

घरी पिशवी फोडायच्या आत सल्ले सुरू झाले. बेंगळुरूचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तेल सोडा, कॉफीत तूप घाला. चरबीच चरबी जाळते." फोंड्याची मावशी म्हणाली, खोबरेल प्या. मी जरा वाचून बघितलं. खोबरेलात ऐंशी टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी, तुपात साठाच्या वर, शेंगतेलात वीसच्या आत. संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, असं डॉक्टर मंडळी सांगतात. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझे आजोबा नव्वद वर्षं जगले." आजोबा रोज शेतावर चालत जायचे. मी स्कूटरवरून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जातो. पण मावशीशी वाद कोण घालणार?

शेजारच्या वहिनींनी लाकडी घाण्याचं शेंगतेल आणून दिलं. दर ऐकून मला घाम आला, वजन तिथेच थोडं उतरलं असावं. वास मात्र असा, की नुसत्या भाकरीवर ओतून खावं. खाल्लंही. शेंगाचटणीत खड्डा करून त्यात हे तेल, बाजूला ज्वारीची गरम भाकरी, फोडलेला कांदा. डॉक्टर समोर असते तर त्यांनाही ताट वाढलं असतं.

ऑलिव्हही आणलं, उगाच मनात राहायला नको. आईनं बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला. "खुळा का रे तू? हे बाळाच्या अंगाला लावायचं तेल. तुझ्यासाठी औषधाच्या दुकानातून डबा आणला होता मी." त्या तेलातली भाजी तिनं तोंडाला लावली नाही. बाटली आता तिच्या गुडघ्यांच्या सेवेत आहे आणि गुडघे खूश आहेत.

एव्हाना ओट्यावर बाटल्यांची रांग लागली आणि बायकोला फोडणीसाठी जागा उरली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "यातलं कुठलं खाल्लं की माणूस बारीक होतो?" उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणून मी गप्प बसलो. कुठलंच नाही. घाण्याचं घ्या, रिफाइन्ड घ्या, तूप घ्या. एक ग्रॅम चरबीला नऊ कॅलरी. चहाच्या चमच्याला चाळीस, मोठ्या चमच्याला एकशेवीस. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर अर्धा तास घाम गाळला, की हा एक मोठा चमचा जेमतेम फिटतो. आणि मैदानातून बाहेर पडलं की भजीचा गाडा. तिथलं तेल सकाळपासून उकळून काळं पडलेलं असतं, पण मिरची त्यात पडताना जो आवाज येतो त्याच्यापुढे शास्त्राचं काही चालत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराचे नवे नियम काढले. त्यात 2000 कॅलरींच्या ताटाला दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय. म्हणजे चहाचे सहा चमचे, त्यातच नाश्ता, त्यातच जेवण. घरात आम्ही चौघं, म्हणजे महिन्याला सव्वातीन किलो, लिटरच्या साडेतीन पिशव्या. या हिशेबानं गणपतीला आणलेला 15 किलोचा डबा संक्रांत ओलांडून जायला हवा. आमचा डबा दिवाळीच्या चकल्या बघतो, तेवढंच त्याचं आयुष्य.

मी आईच्या मागे चमचा घेऊन उभा राहिलो. तिनं कढई ठेवली, किटली उचलली, मनगट वाकवलं. धार पडायला लागली. मी म्हटलं, "बास." धार चालूच. "आई, बास!" मग तिनं मनगट सरळ केलं, किटलीच्या तोंडाशी राहिलेला थेंब बोटानं पुसला आणि ते बोट कढईच्या काठावर निरपलं, वाया नको म्हणून. चमच्यानं मोजायचं मनातही आणता येईना, एवढं तेल कढईत होतं. "मसाल्याला तेल सुटल्याशिवाय वांगं वांग्यासारखं लागतंय व्हय?" रविवारच्या मटणाचा तर विषयच नको. रश्श्यावर तवंग दिसला नाही, तर पाहुणा घरी जाऊन सांगतो की यांचं हल्ली बरं चाललेलं नाही.

शेवटी तह झाला. कुठलं तेल ते आई-बायको ठरवतील, किती ते मी. एक तारखेला साडेतीन लिटर मोजून किटलीत आणि बरण्यांत भरायचं. संपलं की संपलं. पहिल्या महिन्यात ते वीस-बावीस तारखेलाच संपलं. वर शनिवार, आणि शनिवारी तेल विकत आणायचं नाही हा आईचा कायदा. मी खूश. आठवडाभर उकडलेलं खाऊ, म्हटलं. आईनं वाटी उचलली आणि वहिनींच्या दाराकडे निघाली. उसनं म्हणजे विकत नव्हे, आणि उसनं हिशेबातही धरायचं नसतं.

दार उघडायच्या आत वहिनीच समोर आल्या. त्यांच्याही हातात रिकामी वाटी होती. त्यांच्या मिस्टरांनी गेल्याच आठवड्यात त्याच डॉक्टरांना दाखवलं होतं.