लिंबू पिळल्यावर पीएच पुन्हा का चढतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यात भाज्या वाढवण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) ५.८ वरच राहिला पाहिजे हे खूळ मी लोकांच्या डोक्यात भरवते, घरात ॲसिडची बाटली आणायची गरजच नाही, तुम्ही लिंबू पिळता आणि पालक झकास येतो.

पहिला मुद्दा मान्य. पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हलत असेल तर हलू द्यावा. झाड नायट्रेट उचलतं तेव्हा मुळांतून बायकार्बोनेट (आम्लाला मारणारा क्षार) सोडतं, त्यामुळे आकडा हळूहळू चढतोच. दर चार तासांनी ॲसिड ओतून मुळांना छळू नये. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

लिंबाचं मात्र पटत नाही. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी सुरू झालं. वीस लिटरच्या बादलीत लेट्यूस होतं. रात्री लिंबू पिळून पीएच ६ वर आणला, तिसऱ्या दिवशी सकाळी मीटर ७.४ दाखवत होता. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलं असं समजून मी आणखी लोह घातलं. काही उपयोग झाला नाही, कारण लोह पाण्यात होतंच. पण ईडीटीएवालं लोह (विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए या रसायनात बांधलेलं) पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, मग झाडाला ते मिळणार कसं?

आम्ल बायकार्बोनेटला भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात आहे तोवर पीएच कमी दिसतो, एअर पंपाच्या बुडबुड्यांनी उडून गेला की चढतो. हे कुठल्याही ॲसिडने होतं, म्हणून पंप चालू ठेवून काही तासांनी पुन्हा मोजायचं. पण लिंबातलं सायट्रिक ॲसिड हे जिवाणूंचं खाद्यही आहे. ते त्याचा फडशा पाडतात, पीएच परत वर जातो आणि मुळांवर बुळबुळीत थर धरतो. फॉस्फोरिक ॲसिड असं खाल्लं जात नाही. त्याने पीएच उतरवल्यावर नवी पानं हिरवी फुटली, जुनी पिवळीच राहिली.

मग तुमचा पालक कसा येतो? उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: पाणी धरणाचं, आणि बादली दर आठवड्याला बदलता. अशा पाण्यात बायकार्बोनेट कमी असतं, थोडं आम्ल पुरतं, आणि ते संपायच्या आत तुम्ही पाणी ओतून देता. तुमच्या घरी लिंबू चालेल. ज्यांच्या नळाच्या तोंडावर पांढरा थर साचतो, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट जास्त आहे, त्यांना तो सल्ला देऊ नका.

ॲसिड हाताळायची तुमची भीती रास्त आहे. हातमोजे आणि चष्मा घालून, आधी पाणी घेऊन त्यात ॲसिड सोडायचं, उलट कधीच नाही. खतं आधी मिसळायची, पीएच शेवटी. आणि मीटर ७ व ४ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) तपासलेला हवा, नाहीतर ही सगळी चर्चा फुकट.

एक करून बघाल का? एक लिटर तुमचं पाणी आणि एक लिटर कुणाकडचं तरी बोअरचं घ्या. दोन्हींचा पीएच ६ वर यायला लिंबाचे किती थेंब लागतात ते मोजा, झाकण न लावता ठेवा, आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडे इथेच कळवा, मी ते लेखात घालीन.